अण्णा, क्लच घसरतोय!

नोव्हेंबरमधली सकाळ होती. घड्याळात साडेसहा, पण बाहेर मिट्ट काळोख आणि बारीक पाऊस. मी इथे घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी नर्स आहे. सातला पहिल्या आजींकडे इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला पोचायचं होतं. आमच्या घरापासून त्यांच्या घरापर्यंत मोठा चढ आहे. रोजच्याप्रमाणे तिसऱ्या गिअरवर गाडी चढवत होते. थोडा जास्त ॲक्सिलरेटर दिला आणि इंजिन एकदम ओरडायला लागलं. आरपीएमची सुई झपकन वर गेली, वेग मात्र वाढायचं नाव नाही. पाय उचलला तर इंजिन शांत. दाबला की पुन्हा तेच. चढ संपेपर्यंत गाडीत एक जळकट वास भरला होता, कुकरची रिंग करपल्यासारखा.

आजींना इंजेक्शन वेळेवर मिळालं, पण दिवसभर माझं लक्ष त्या वासातच होतं.

इंग्लंडमधलं शेफील्ड हे पोलादाचं गाव म्हणून आपल्याला माहीत असतं. सुऱ्या-काट्यांवर नाव वाचलेलं असतं. पण इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा जाणवतात ते चढ. रोमसारखं हेही सात टेकड्यांवर वसलंय, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. २०१४ साली टूर द फ्रान्सची दुसरी फेरी यॉर्कहून निघून इथे संपली, तेव्हा शेवटी शेवटी जेंकिन रोडच्या चढावर भल्या भल्या सायकलवाल्यांचा घाम निघाला होता. अशा गावात मॅन्युअल गाडी चालवायची म्हणजे डाव्या पायाला सुट्टी नाही. सिग्नल चढावर, पार्किंग चढावर, रुग्णांची घरंही चढावरच!

दुपारी जेवणाच्या सुट्टीत घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने दोन मिनिटं गाडी फिरवून आणली आणि सांगितलं, "क्लच गेलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. साडेसहाशे पौंड." माझी ती जुनी छोटी पेट्रोल गाडी मी घेतलीच होती नऊशे पौंडांना. शिवाय डिसेंबर तोंडावर, लेकीच्या शाळेची सहल, घराचा हप्ता. आणि गाडीशिवाय माझं कामच होत नाही. मी "कळवते" म्हणून बाहेर आले आणि गाडीत बसून कराडला फोन लावला.

माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी डेपोच्या पिटमध्ये, गाडीच्या पोटाखाली उभं राहून. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणाऱ्या गाड्या म्हणजे क्लचची परीक्षाच. रात्री घरी आले की अण्णा अंगणात रॉकेलने हात धुवायचे, मग साबणाने. तरी नखांमधलं काळं कधी गेलं नाही. पुढे त्यांनी सेकंडहँड मारुती ८०० घेतली. रविवारी तिचं बॉनेट उघडलं की भावाच्या हातात पाना आणि माझ्या हातात बॅटरी. "इकडं उजेड धर" हे माझं मोटार मेकॅनिकचं एकूण शिक्षण! मुलीने हात काळे करावेत असं त्यांना तेव्हा वाटत नव्हतं, आणि मलाही त्याचं फार दुःख नव्हतं. भाऊ आता पुण्यात ऑटोमॅटिक गाडी चालवतो आणि टायरमधली हवासुद्धा पंपावरच्या मुलाला बघायला सांगतो.

फोन उचलला आईने. अण्णांना हल्ली ऐकू फार कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते बहुतेक वेळा ड्रॉवरमध्ये. माझ्या मनात होतं की इंजिन सुरू करून फोन बॉनेटवर ठेवावा आणि त्यांनी पूर्वीसारखं नुसत्या आवाजावरून सांगावं. एसटी स्टँडवर येताना नुसत्या आवाजावरून "ह्या गाडीचं बेअरिंग गेलंय" म्हणणारा माणूस तो. पण आता ते दिवस गेले.

"अण्णांना सांग, क्लच घसरतोय," मी आईला म्हटलं.

आईने तिकडे ओरडून सांगितलं. मग आतून अण्णांचा आवाज, आणि आई दुभाष्यासारखी: "हे विचारतात, कितव्या गिअरला?"

"तिसऱ्या-चौथ्याला. चढावर."

"पहिल्याला न्हाय ना?"

"नाही."

"मग घाबरू नको म्हणतात. आता गाडीतनं खाली उतर, आणि वाकून क्लचचं पेडल हातानं दाब. पायानं न्हाय, हातानं. पायाला कळत न्हाय म्हणतात."

पावसात दार उघडं ठेवून, रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून मी हाताने पेडल दाबलं. लगेच घट्ट लागलं.

"किती मोकळं जातं?"

"मोकळं जातच नाही. दाबलं की लगेच जड."

आईने हे सांगितल्यावर तिकडे क्षणभर शांतता. मग अण्णांनी स्वतःच फोन घेतला असावा, कारण आवाज कानठळ्या बसवणारा आला: "वायरला कुणी हात लावला होता का गं?"

आणि मला आठवलं. जुलैमध्ये रिव्हर्स टाकताना गिअर 'खर्रर' करायचा. ओळखीतल्या एकाने "दोन मिनिटांचं काम" म्हणून बॉनेट उघडून क्लचची वायर आवळून दिली होती. खर्रर थांबली, मी त्यांना चहा दिला, विषय संपला. चांगल्या मनाने केलेलं काम होतं ते. पण आवळताना ढील ठेवली नव्हती.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अण्णांनी मला क्लच शिकवला. मी इतकी वर्षं गाडी चालवत होते, इथली मॅन्युअलची परीक्षा पास झाले होते, पण पेडल दाबल्यावर आत काय होतं ते मला ठाऊकच नव्हतं. अण्णांनी आईची दोन ताटं मागून घेतली. एक ताट म्हणजे इंजिनला जोडलेलं फ्लायव्हील, दुसरं म्हणजे प्रेशर प्लेट. मधे एक भाकरी धरली, ती क्लच प्लेट, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेली. स्प्रिंगच्या जोराने दोन ताटं भाकरीला दाबून धरतात, म्हणून इंजिन फिरलं की भाकरी फिरते आणि चाकं फिरतात. आपण पेडल दाबलं की वायर ओढली जाते, ती गिअरबॉक्सवरचा दांडा ओढते, आतलं रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्यांवर जाऊन दाबतं आणि दुसरं ताट मागे सरकतं. भाकरी मोकळी. तेवढ्यात गिअर बदलायचा.

"आता बघ," अण्णा म्हणाले, "भाकरी झिजून पातळ झाली की हे ताट फ्लायव्हीलकडं सरकतं आन् पाकळ्या उलट बेअरिंगकडं येतात. म्हणून मधी थोडी जागा ठेवायची. ती जागा म्हंजी ढील. ती संपली की बेअरिंग कायम पाकळ्यांवर दाबून बसतं. म्हंजी तू पाय न ठेवता पाय ठेवलेलाच. मग घसरणार न्हाय तर काय?"

उलटंही होतं. वायर ताणली गेली की ढील वाढते, पेडल तळाला टेकलं तरी भाकरी पुरती सुटत नाही, आणि गिअर खरखरतो. रिव्हर्सला ते आधी कळतं, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला बाकीच्या गिअरसारखा सिंक्रोमेश नसतो. जुलैमध्ये माझं तेच झालं होतं. त्यावर वायर आवळणं हे औषध बरोबर होतं, डोस जास्त झाला. त्यानंतरच्या चार महिन्यांत प्लेट आणखी झिजली, आणि उरलीसुरली ढील संपली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. इथे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात तिकडे अडीच. अण्णा जेवून, मशीन कानात घालून तयार बसले होते. (आई म्हणाली, दिवाळीलासुद्धा घातलं नव्हतं.) माझ्याकडे गाडीचं जुनं पुस्तक होतं. त्यात पेडलची ढील १५ ते २५ मिलिमीटर दिली होती. लेकीची शाळेची पट्टी घेतली. गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक ओढलेला. एअर फिल्टरच्या डब्याखाली, गिअरबॉक्सवर येणारं वायरचं टोक सापडलं. त्यावर आटे, आणि आट्यांवर दोन नट: एक ॲडजस्ट करायचा, दुसरा त्याला पकडून ठेवणारा लॉकनट. दोन्ही गंजलेले. लेक मोबाईल धरून उभी होती. आमच्या घरातलं "उजेड धर" हे काम आता तिच्याकडे आलं होतं.

"आधी गंजाचं तेल मार आन् चा पिऊन ये," अण्णा म्हणाले. "घाई केलीस तर आटे जातील."

चहा पिऊन आले. लॉकनट सुटला. मग वायरचं टोक पकडीने धरून, म्हणजे वायरला पीळ बसू नये म्हणून, ॲडजस्टचा नट अर्धी फेरी सैल केला. हाताने पेडल दाबून पट्टीवर पाहिलं. ४ मिलिमीटर. आणखी अर्धी फेरी. ९. असं करत १८ पर्यंत आणलं. मग अण्णांनी पेडल पायाने पुरतं दहा-बारा वेळा दाबायला लावलं, कारण वायर आपल्या जागी बसल्यावर माप बदलतं. पुन्हा मोजलं, २० आलं. लॉकनट आवळला. लॉकनट आवळताना मूळचा नट फिरला नाही ना, हे बघायला परत एकदा मोजलं. एकूण वेळ सव्वा तास. सरावाच्या माणसाला दहा मिनिटं लागतील.

"आता परीक्षा," अण्णा म्हणाले. "पुढं-मागं कुणी न्हाय ना? हँडब्रेक वढ, उजवा पाय ब्रेकवर. इंजिन चालू कर. तिसरा टाक. आन् क्लच हळूहळू सोड."

सोडला. गाडीने एक गचका दिला आणि इंजिन बंद पडलं. मला वाटलं काहीतरी बिघडवलं. तिकडे अण्णा मात्र खूश: "मेलं ना? मग प्लेट जित्ती हाय!" क्लच चांगला पकडत असेल तर इंजिनला त्या गिअरमध्ये उभी गाडी ओढवत नाही, ते बंद पडायलाच हवं. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन आरामात चालू राहिलं, तर प्लेट घसरतेय असं समजायचं. ही चाचणी एकदाच करायची, गंमत म्हणून पुन्हा पुन्हा नाही. घसरणारी प्लेट त्यातच जळते. मग दुसरी चाचणी: इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. आवाज न होता पडला. म्हणजे सोडण्याचंही काम ठीक.

साडेसहाशे पौंडांचं काम एका पान्यावर निभावलं, असं मी लगेच मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. अण्णांना ते सांगितलं तर म्हणाले, "निभावलं न्हाय, पुढं ढकललं. चार महिने घासलीय ती. वर्षभर काढलं तर पुष्कळ. पैसं बाजूला टाकत जा." गॅरेजवाला चुकीचं बोलला नव्हता, फक्त त्याने पेडल हाताने दाबून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या फोनचा नेमच झाला. शनिवारी अण्णांचा पहिला प्रश्न, "ढील किती?" मी मोजून सांगायची. मग ते एकेक गोष्ट सांगायचे. मी ती वहीत लिहून ठेवली आहे. मॅन्युअल गाडी चालवणाऱ्या वाचकांना उपयोग होईल म्हणून थोडक्यात देते.

पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यायचा. उलट, न्यूट्रलला पाय वर असताना आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग पाहायचं. गाडी सुटताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल उतरलंय का, किंवा इंजिनचे माउंटिंग सैल झालेत का ते बघायचं. तेल लागलेली प्लेट वायर ॲडजस्ट करून सुधारत नाही. आधी तेल गळायचं थांबवायला हवं. पेडल दिवसेंदिवस जड होत असेल तर बऱ्याचदा वायर आतून गंजलेली किंवा तिचे तार तुटायला लागलेले असतात. ती तुटायच्या आधी बदलायची, कारण ती तुटते तेव्हा आपण नेमके सिग्नलला असतो.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांत वायर नसते, ब्रेकसारखं तेलावर चालतं. तिथे आवळायला नट शोधू नका. पेडल मऊ पडलं, स्पंजासारखं लागलं, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच गिअर पडू लागला, तर तेल कमी झालंय किंवा पाइपात हवा शिरलीय. अनेक गाड्यांत ब्रेकचं आणि क्लचचं तेल एकाच डबीत असतं, म्हणून ही गळती अंगावर काढायची नाही. डबीवर लिहिलंय तेच तेल घाला, आणि ते गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उडतो. वायरवाल्यांतही काही गाड्यांची ढील आपोआप जुळते. तेव्हा आधी पुस्तक उघडायचं, मग बॉनेट.

आणि सवयी. इथे ड्रायव्हिंग शिकवताना चढावर हँडब्रेक लावून थांबायला आणि क्लच जिथे पकडायला लागतो ती जागा पायाने ओळखायला घोटून शिकवतात. मीही शिकले होते. पण परीक्षा पास झाल्यावर आळस आला. सिग्नलला हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची, आणि चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचा, या दोन्ही सवयी मला होत्या. पाय टेकवला की ढील आपणच खाऊन टाकतो. वायर कितीही नीट जुळवलेली असो. हे कळल्यावर माझा डावा पाय आपसूक बाजूला जायला लागला.

अण्णांनी वर्ष म्हटलं होतं. गाडीने नऊ महिने काढले. ऑगस्टमध्ये पेडलची ढील बरोबर वीस असतानाही चौथ्या गिअरला सुई पुन्हा वर गेली. तिसऱ्या गिअरची चाचणी केली तर इंजिन बंद पडेना. या वेळी मी कराडला विचारायला नाही, सांगायला फोन केला: "अण्णा, वायर ठीक आहे. प्लेटच संपली." ते फक्त "हां" म्हणाले. मी त्याच गॅरेजमध्ये गेले. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा तिन्हींचा संच बदलायचा ठरला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीच मोठी असते, तेव्हा एकदा उघडल्यावर जुना भाग आत ठेवण्यात शहाणपण नाही. पैसे नऊ महिन्यांत साठले होते. मी कामाच्या आठवड्याच्या सुट्टीत गाडी दिली, एकाही रुग्णाची फेरी चुकली नाही.

जुनी प्लेट मी मागून घेतली आणि तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवले. बराच वेळ उत्तर नाही. मग आईचा फोन: "पंधरा मिनिटं झाली, मोठं करून करून बघतायत. जेवायला उठत नाहीत." मागून अण्णांचा आवाज आला, "रिव्हेट अजून वर आलं न्हाईत म्हणावं. फ्लायव्हील वाचलं. येळेवर काढलीस."

मार्चमध्ये लेक सतरा वर्षांची होईल आणि तिला इथलं शिकाऊ लायसन्स घेऊन गाडी शिकता येईल. ती म्हणते, मी ऑटोमॅटिकच शिकणार. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर पुढे मॅन्युअल चालवता येत नाही, हे मी तिला सांगितलंय. पुढे इलेक्ट्रिक गाड्याच येणार, त्यांना क्लचचं पेडलच नसतं, असं ती मला सांगते. तेही खरंच आहे. तिचं ती ठरवेल.

गॅरेजमधून गाडी घ्यायला गेले तेव्हा किल्ली हातात घेण्याआधी दार उघडून खाली वाकले आणि पेडल हाताने दाबून पाहिलं. पर्समध्ये लेकीची पट्टी होतीच. तो गॅरेजवाला माझ्याकडे बघत राहिला. ढील बरोबर वीस मिलिमीटर होती.